तोंडवलीच्या होडीची सोंड

तोंडवलीला कसं जायचं, हे मला अजूनही लोक विचारतात. आता सोपं आहे. कोकण रेल्वेने नांदगावला किंवा कणकवलीला उतरायचं आणि मालवणचा रस्ता धरायचा. साठच्या दशकात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रेल्वे नव्हती, सिंधुदुर्ग जिल्हाही नव्हता, आणि माझ्या मांडीवर राळेचा डबा होता.

हे सगळं एका भाषणामुळे झालं. त्या काळी मी मुंबईत यंत्रयुगावर भाषणं देत असे. विषय कुठलाही दिला तरी मी शेवटी तिथेच पोचायचो. एकदा सभा संपल्यावर आमच्याच चाळीतला दत्ताराम भेटायला आला. तो फायबरच्या कारखान्यात कामाला होता. म्हणाला, "बोलून झालं असेल तर जरा हात लावायला चला."

दत्तारामचा थोरला भाऊ भिवा तोंडवलीला मासेमारी करायचा. आदल्या वर्षी त्याने होडीला इंजिन बसवलं होतं. इंजिनावर लाकडी पेटी होती, आणि हवेसाठी पेटीला भोक. ऐन हंगामात त्या भोकातून लाट शिरली, इंजिन खारं पाणी प्यायलं आणि बंद पडलं. होडी शीड लावून कशीबशी परत आली. होडी हाकणारा तांडेल म्हणजे जानूकाका. त्यांनी किनाऱ्यावर पाय ठेवताच सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर आम्ही सगळे दुसऱ्याच्या होडीवर जाऊ. खलाशी गेले म्हणजे भिवाचा हंगाम गेला. म्हणून नारळी पौर्णिमेच्या आत फायबरचं झाकण करायचं, हवा आत येईल पण लाट येणार नाही असं.

पावसाळ्यात मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बोटी बंद असायच्या. आम्ही कोल्हापूरपर्यंत रेल्वेने गेलो आणि पुढे फोंडा घाटातून एस.टी.ने. कंडक्टरने डबा हुंगला.

"काय आहे हे?"

"राळ. काचेच्या कापडावर चढवायची. वाळली की दगडासारखी घट्ट होते."

"काचेचं कापड? नेसणार कोण?"

मी त्याला यंत्रयुग समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि डब्याचं अर्धं तिकीट फाडलं. घाटात धुक्यामुळे काही दिसत नव्हतं. ज्यांना घाटाची भीती वाटते त्यांनी याच दिवसांत जावं. कणकवलीला गाडी बदलली. तिथल्या खानावळीत उसळ झणझणीत होती आणि भात मागाल तितका. मालवणहून पुढे तरीच्या होडीने खाडी ओलांडली आणि उरलेली वाट वाळूतून चाललो. वाळूतून चालताना डबा डोक्यावर घ्यावा, हातात जड होतो.

भिवाच्या घरी त्याची बायको सुलोचनाने कुळथाची पिठी, भात आणि टाकळ्याची भाजी वाढली. श्रावण होता. मी देव मानत नाही, त्यामुळे श्रावणही पाळत नाही, हे मी तिला सांगितलं.

"पाळू नकात," ती म्हणाली. "पण म्हावरा हाडतलो कोण? दर्या पाळता."

गावात साच्याचं काम येणारा माणूस एकच, बापू मेस्त्री. ते गणपती करायचे आणि त्यांचे हे कामाचे दिवस होते. त्यांच्या पडवीत रंग न लागलेले गणपती ओळीने बसले होते. त्यांतले दोन सरकवून आम्हाला जागा मिळाली.

रीत अशी. आधी मातीचं झाकण घडवायचं. त्यावर प्लास्टरचा साचा पाडायचा. साच्याला आतून फरशीचं पॉलिश चोळायचं, म्हणजे फायबर चिकटत नाही. मग काचेचं कापड आणि राळ, थरावर थर. वरची हवेची नळी दोन भागांत करून जोडायची. दत्तारामने ती कागदावर काढून दाखवली: झाकणातून सरळ वर येणारी, मग होडीच्या उजवीकडे वळून खाली तोंड केलेली. डावीकडून जाळं ओढतात, त्यामुळे तिकडे नळी नको, दोर अडकतो.

मेस्त्रींनी कागद बघितला. "वळान घेवन खाली येता. कळला."

दुसऱ्या दिवशी मातीचं झाकण तयार होतं. मेस्त्री तडा जाऊ नये म्हणून गणपतीच्या सवयीने त्यावर ओलं फडकं टाकत होते आणि लवकर वाळावं म्हणून दत्ताराम ते काढत होता. नळी उत्तम वळली होती. बुंध्याशी जाड, पुढे निमुळती, अंगावर बारीक वळ्या.

"मेस्त्रीनू, ह्यो वळ्यो कित्याक?" दत्तारामने विचारलं.

"हाताक सवय आसा," मेस्त्री म्हणाले. "बिनवळ्येची बरी दिसना नाय."

साचा झाला, वाळला, राळ चढली. सगळी चढली, डब्यात तळालाही उरली नाही. झाकण निघालं ते फणसपोळीच्या रंगाचं आणि इतकं टणक की मी त्यावर उभा राहिलो. भिवाने होडीवर नेऊन बसवलं, ते चपखल बसलं. तो झाकणावरून हात फिरवत राहिला.

मग जानूकाका खलाशांना घेऊन आले. झाकणाभोवती एक फेरी मारली आणि होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"भिवा, ही सोंड मा रे."

"नळी ती, काका. वाऱ्याची."

"सोंड ती. आणि उजवी, तेच्या उजव्या हाताक वळलेली. उजवे सोंडेच्या गणपतीक कडक सोवळा लागता. तुझ्या होडयेत बांगडे, मोऱ्यो, कुजको वास. आमी बसूचव नाय."

बाकीचे खलाशी होडीपासून जरा लांब सरकले.

संध्याकाळी देवळासमोर मी बोललो. मुंबईत मला पुढाऱ्यांनी वाखाणलं होतं, पण त्या संध्याकाळइतकं चांगलं मी कधी बोललो नाही. वाफेपासून सुरुवात केली. माणसाने निसर्गावर केलेली मात सांगितली. नळीला धर्म नसतो, म्हणालो. डावं-उजवं ही माणसाची सोय आहे, देवाची इच्छा नव्हे, म्हणालो. पाऊस आला तरी कोणी उठलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या.

"बरा बोललात," जानूकाका म्हणाले. "अशी भाषणा गावात व्हयीच. पण आमी बसूचव नाय."

कापून टाकू, भिवा म्हणाला. कापली तर तिथे पुन्हा भोक, दत्ताराम म्हणाला. नवी करायला राळ नव्हती, ती मुंबईहून येईपर्यंत पौर्णिमा उलटली असती. भिवा पडवीत बसला. सुलोचनाने पुढे ठेवलेला चहा निवला तरी त्याने हात लावला नाही.

सकाळी तीच होडीपाशी गेली. मेस्त्री आधीच तिथे खाली मान घालून उभे होते.

"मेस्त्रीनू, ह्येका डोळे खंय आसत?" तिने विचारलं.

"डोळे काढूक नाय. नळी मा ती."

"मग तोंड खंयच्या बाजूक ता कोणी ठरवल्यान? जानूकाका नाळीकडे रवले आणि म्हणाले उजवी. हयसर येवन बघा." ती मागे सुकाणूपाशी गेली. "हयसून डावी."

मेस्त्रींनी मागे जाऊन पाहिलं. मग घरी गेले आणि काळ्या-पांढऱ्या रंगाच्या वाट्या घेऊन आले. पाऊस होता म्हणून कोणीतरी वर छत्री धरायला हवी होती. मी धरली. त्यांनी झाकणाच्या मागच्या अंगाला, सुकाणूकडे बघणारे दोन डोळे काढले, पापण्यांसकट. नळी होती तिथेच होती. सोंड डावी झाली.

जानूकाकांनी बराच वेळ न्याहाळलं. सुकाणूपाशी बसूनही पाहिलं.

"डावी आसा," ते म्हणाले. "पण आता हो दिवसभर माझ्याकडेच बघतलो."

"बरा झाला," सुलोचना म्हणाली. "वायच बिडयो कमी होतल्यो."

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला आणि दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली. समुद्र अजून फुगलेला होता. किनाऱ्याजवळच एक लाट होडीवरून पलीकडे गेली आणि क्षणभर फक्त पांढरं दिसलं. मग होडी लांब जाऊन दिसेनाशी झाली. दुपारी वारा पडला, शीड लावून परतणं शक्य नव्हतं. सुलोचना वाळूत उभी होती. मी तिला धीर द्यायला तोंड उघडलं.

"वायच गप रवा हां," ती म्हणाली. "आवाज आयकूक व्हयो."

मी गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने लांबून इंजिनाचा ठकठक आवाज आला. ती टोपली आणायला घरी गेली.

मुंबईला परतल्यावर मी माझं भाषण चालू ठेवलं, फक्त डाव्या-उजव्याचा भाग गाळला. दत्ताराम पुढे दर पावसाळ्यात गावी जाऊन अशी झाकणं करायचा. मागणी आजूबाजूच्या गावांतूनही आली. एकदा त्याने साध्या, बिनवळ्यांच्या नळीचा साचा केला. तो मेस्त्रींच्या पडवीत पडून राहिला. कोणी विचारलाही नाही. भिवाच्या झाकणावरचे डोळे खाऱ्या वाऱ्याने पुसट व्हायचे, आणि ते दर श्रावणात जानूकाका स्वतः रंगवून घ्यायचे.

तेव्हा जाणाऱ्यांनी श्रावणात जावं, कुळथाची पिठी खावी, वाळूत चपला हातात घ्याव्यात. इंजिन डिझेलवर चालतं, देवावर नाही, या मतावर मी आजही ठाम आहे. डोळे मात्र मागच्या बाजूला काढावेत.