सात नंबरच्या शेंगा

भुईमुगाचं एक नवं वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं जातात. तोवर माणसं काय करणार? किस्से गोळा करतात. निपाणी रोडवरच्या आमच्या छोट्या संशोधन केंद्रात डेटा कधीमधी हरवतो, किस्सा हरवत नाही!

*

संकर करायचा म्हणजे संध्याकाळी कळीतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे आणि सकाळी त्यावर दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. मी पीएचडी करून नवाच लागलेलो. माझ्या शंभर फुलांना शेंगा लागल्या पाच. शेतावर काम करणाऱ्या सुशीलाआक्कांच्या साठ!

"आक्का, सीक्रेट काय?"

"सर, तुम्ही फूल फाडताय. उघडायचं असतंय ते."

*

काकतीहून आईचा रोज फोन. "आज काय केलंस रं?"

एकदा म्हटलं, "फुलांची लग्नं लावली."

"व्हय? इतक्यांची जमली, तुझं एक जमंना!"

*

आक्कांच्या एका संकरातली आई रायचूरकडची, बाप सांगलीकडचा. आमचे साहेब, पाटील सर, हसून म्हणाले, "आक्का, लेकरू कानडी बोलणार की मराठी?"

"शेंगा बोलत न्हाईत सर. भरत्यात."

*

त्याच संकरातून सात-आठ पिढ्या निवडत एक झकास वाण हाती आलं. चिकोडीजवळ बाळाप्पा आप्पांच्या रानात दहा वाणांची ट्रायल लावली. आमचं वाण प्लॉट नंबर सात. पाटील सरांबरोबर काढणीला गेलो, तर सात नंबरची निम्मी झाडं गायब! आता वजन कशाचं करणार? इतक्या वर्षांची मेहनत.

"उंदरं लागली," आप्पा म्हणाले.

"बाकीच्या नऊ प्लॉटना नाही लागली?"

"शिकलेली उंदरं हायती, सर!"

वाटलं, पाटील सर आता भडकणार. पण गाडीत बसताना ते चक्क खूष! "पुढच्या वर्षी परत लावू. शेतकऱ्याला चोरावंसं वाटलं, म्हणजे वाण पास!"

*

परत लावलं, आणि खरंच पास झालं. गावोगाव बियाणं गेलं. मग एका शेतकरी मेळाव्यात एक बाई उठल्या. "त्या नव्या शेंगा कुठल्या सायंटिस्टनं काढल्या?"

पाटील सरांनी मागच्या ओळीत बसलेल्या आक्कांना स्टेजवर बोलावलं. "ह्यांनी."

आक्का चपला काढून वर चढल्या. बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आक्का, तेल लई निघतंय. पण टरफल जाड हाय. पुढच्या टायमाला जरा पातळ करा की!"

आक्का सरांकडे वळल्या.

"सर, लिहून घ्या."