फोटोतले बूट

आमच्या मित्राचा फोटो अमरावतीला गेला होता आणि तिकडून उत्तर येत नव्हतं. एवढ्या एका कारणासाठी, ऐन मे महिन्यात, दिग्रसची कुत्रीसुद्धा नालीतून उठायला तयार नसताना, आम्ही तिघं पहाटेच्या एस.टी.त चढलो.

तिघं म्हणजे शाळेत नव्यानं लागलेला मास्तर, हाच तो उमेदवार नवरदेव; कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीचाचांचा मुलगा, जो नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार सांगायचा, आणि मी. मला काहीच येत नव्हतं, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे होतं.

मुलगी अमरावतीत नर्सिंग शिकत होती. मास्तरच्या आईनं आणि मामांनी तिला पाहून पसंत केलं होतं. पण तिच्या वडिलांनी सांगितलं, "पोराचा फोटू द्या. पोरगी हो म्हणन तवाच पुढची गोष्ट." साठ सालच्या आसपासचे दिवस, असं बोलणारा बाप आमच्या गावानं ऐकला नव्हता. फोटो गेला. वाट पाहून पाहून मास्तर फळ्यावर बेरजा चुकवू लागला.

"तिचा फोटू?" मिस्त्रीनं विचारलं. त्या मुलाला आम्ही बापाच्याच नावानं हाक मारायचो.

"मागतला ना! मामा म्हणे, आमी पाह्यली ना, तुले कायले पायजे?"

तेव्हा बेत ठरला. मुलींचं वसतिगृह होतं मोठ्या चर्चच्या मागं. वसतिगृहात पाऊल टाकायची सोय नाही, पण चर्च सगळ्यांना उघडं; तिथून ती दिसली तर दिसली. घरोघरी मी भाषण ठोकलं. किती जुनं शहर, भोवती केवढा दगडी परकोट, केवढं चर्च, तरुणांनी हे पाहायला नको? मास्तरच्या आईनं डोळे पुसत दशम्या बांधून दिल्या.

ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, खिडकीतून भट्टीसारखी हवा. दारव्ह्यापासून नेरपर्यंत मिस्त्री ड्रायव्हरला गिअर कसा टाकायचा ते सांगत होता आणि नेरपासून अमरावतीपर्यंत ड्रायव्हर त्याच्याशी बोलत नव्हता. परकोटाच्या दरवाज्यातून आत शिरताना मी अशी छाती काढली, की जणू शहर आम्हीच जिंकलं!

आधी अंबादेवी. मिस्त्री चपला राखत बाहेर थांबला. आत मास्तरनं घंटा अशी बडवली, की पेंगणारे पुजारी दचकून उठले. "हळू बे, देवीले ऐकू येते," मी म्हणालो. नवस मोठा होता, आवाजही मोठाच हवा, असं त्याचं म्हणणं.

आणि मग चर्च. बाहेर ऊन डोळे फोडत होतं आणि दारातून विहिरीतल्यासारखा गारवा येत होता. रंगीत काचांतून लाल-निळा उजेड फरशीवर सांडला होता. मास्तर खुळावलाच. त्यानं चपला काढल्या, नळावर पाय धुतले, हात जोडले, उंबरठ्यापाशी आला. तिथं वरून एक जाडजूड दोर लोंबत होता.

देवाच्या दारात माणसाचा हात जातो कुठं? वर!

त्यानं ओढला. काहीच वाजलं नाही. त्याला वाटलं, देव रागावला. मग त्यानं दोन्ही हातांनी, नवसासकट, अंगातला सगळा जोर लावून ओढला. वर मनोऱ्यात ढण्ण झालं, कबुतरांचा थवा उडाला, दोर सर्रकन वर गेला आणि दोराबरोबर मास्तरही! खाली आला, पुन्हा ढण्ण, पुन्हा वर.

"सोड बे!"

"सुटून नाही राह्यला!"

चर्चचा म्हातारा राखणदार धावत आला. "कोन मेलं? अवेळी घंटा, कोन मेलं बाप्पा?" पांढऱ्या झग्यातले फादर आले. मिस्त्री अदबीनं म्हणाला, "कोनी नाही, फादर. देवाले उठवून राह्यले." फादर पोट धरून हसायला लागले. तेवढ्यात मागच्या फाटकातून पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींचा घोळका आला, कोण गेलं ते पाहायला.

त्यांतली एक पुढं झाली. सावळी, उंच, डोळ्यांत हसू. मास्तर नुकताच जमिनीवर टेकला होता.

"तुमी दिग्रसचे मास्तर ना?"

मास्तरनं नुसती मान हलवली. तिनं त्याच्या ओल्या, अनवाणी पायांकडे पाहिलं.

"फोटूत तं बूट होते."

"ते माहे होते," मिस्त्री म्हणाला.

मी त्याला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. घोळका खिदळला.

"आन् कोट?" तिनं विचारलं.

आता मास्तरला वाचा फुटली. "कोट मामाचा. बूट याचे. तोंड तेवढं माह्यं."

ती तोंडाला पदर लावून वळली आणि घोळक्यात मिसळून गेली. ना हो म्हणाली, ना नाही.

परतीच्या गाडीत दिग्रस येईपर्यंत मास्तर मिस्त्रीकडे पाठ करून बसला. "बूट माहे होते, हे खोटं हाय काय?" एवढंच मिस्त्री अधूनमधून विचारायचा.

आठवडा झाला नसेल, मुलीचे वडील स्वतः दिग्रसला उतरले. ओसरीवर पाणी पिऊन म्हणाले, "पोरगी हो म्हणते. पन मांगून आनलेलं कायी घालू नका म्हणते."

लग्नात मास्तर घरच्या धोतरात आणि स्वतःच्या झिजलेल्या चपलांत उभा राहिला. रिवाजाप्रमाणे मेव्हण्या जोडे लपवायला टपल्या होत्या. त्यांनी त्या चपला उचलल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या, आणि निमूट परत जागेवर ठेवल्या. मग सगळ्या मिळून मिस्त्रीचे ते फोटोतले बूट घेऊन पळाल्या.