अजून येऊ नकोस

वडगावात आमच्या घरी पुढच्या खोलीत माग आहे. रविवारी ख्रिस्ती प्रार्थनेला चार घरची माणसं जमली की अण्णा, माझा थोरला भाऊ, तो बंद करायचा. गल्लीतले बाकीचे माग खडखडत असत, त्यामुळे आमचा थांबला की प्रार्थना सुरू झाली हे सगळ्यांना कळायचं. त्या रविवारीही कळलं. काठ्या घेतलेली माणसं आत शिरली. त्यांनी अर्ध्या विणलेल्या साडीचा उभ्या धाग्यांचा ताणा कोयत्याने कापला. अण्णा बायकांच्या पुढे उभा राहिला, तेव्हा त्याला खाली पाडून डोक्यात काठ्या घातल्या. मारणाऱ्यांत शेजारचा विणकरही होता.

दवाखान्यात मी म्हटलं, "अण्णा, पोलीस आलेत. त्याचं नाव सांग."

"तूच सांग की. शिकलेली हाईस." तो हसायला गेला आणि कळवळला. "प्रभू आज आला तर मी ह्यो राग घिऊन त्याच्यापुढं उभा ऱ्हाऊ व्हय गं? तूबी टाकून दे."

दुसऱ्या दिवशी तो गेला. नाव मी सांगितलं, आणि त्यात मला चूक वाटत नाही.

प्रभू एक दिवस परत येईल आणि आमची गेलेली माणसं त्याच्याबरोबर असतील, असं आम्ही मानतो. आता प्रार्थनेच्या शेवटी सगळे प्रभूला "लवकर ये" म्हणतात, तेव्हा माझे ओठ हलत नाहीत. त्या विणकराचं डोकं तसंच फुटलेलं मला बघायचं आहे. प्रभू आला तर त्याच्याबरोबर अण्णाही येईल, आणि तो आधी माझ्या तोंडाकडे बघेल.