मुंगसाचे हेल्मेट

गणपती विसर्जनानंतरच्या दुसऱ्या सकाळी आमच्या बोईसरच्या वसाहतीत दोन इमारतींना पाणी आले नाही. टाकी भरलेली होती, पंप ठीक होता. टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह कोणीतरी बंद केला होता, शेवटपर्यंत फिरवून. वसाहतीतले बहुतेक जण इथल्या रासायनिक कारखान्यांत कामाला आहेत. त्यामुळे टाकीखाली जमलेल्या माणसांमध्ये, तो कोणी बंद केला याच्या चौकशीआधी, तो किती नीट बंद केला याचे कौतुक झाले.

दुपारपर्यंत संशय वाचनालयावर आला.

वाचनालय म्हणजे सोसायटीच्या कार्यालयाला लागून असलेली एक खोली, दोन कपाटे पुस्तके आणि एक बाई. बाई शिरगावच्या, मच्छीमार घरातल्या. अकरा वर्षे त्या शिरगावहून पालघर आणि पालघरहून बोईसर असे रोज येत होत्या. खोली तीन ते सात उघडी. अलीकडे मुलांचे पुस्तकांसाठी येणे जवळजवळ थांबले होते. मग पुण्याला राहायला गेलेल्या एका कुटुंबाने जाताना जुना टीव्ही, व्हिडिओ गेमचा डबा आणि एकुलता एक खेळ वाचनालयाला दिला. बाईंनी नियम केला: एक पुस्तक बदला, अर्धा तास खेळा. मुले परत आली. पुस्तके वाचली जात होती की नाही माहीत नाही, पण बदलली जात होती.

खेळ टीव्हीवरच्या एका कार्टूनवरून केलेला. गळ्यात लाल रुमाल बांधलेले एक मुंगूस आहे. एक शास्त्रज्ञ कावळा कारखान्यातून गावभर हिरवा वायू सोडतो. मुंगसाने कारखान्यात घुसायचे, नळ्यांवरून उड्या मारायच्या आणि एकेक व्हॉल्व्ह बंद करायचा. तक्रार करणाऱ्या पालकांच्या मते पाणी का आले नाही, हे यावरून स्पष्ट होते.

या तक्रारीला एक पार्श्वभूमी होती. मागच्या वार्षिक सभेत ठराव झाला होता की, पुढच्या सभेआधीच्या तीन महिन्यांत हजेरीच्या वहीवर रोज सरासरी पंधरा मुले दिसली नाहीत, तर खोली मंडपाच्या सामानासाठी घ्यायची. ते सामान, म्हणजे प्लायवूडचे मखर, पडदे, बांबू आणि तीन भोंगे, विसर्जनापासून जिन्याखाली पडून होते आणि येता-जाता अध्यक्षांच्या गुडघ्याला लागत होते. सभा पंधरा दिवसांवर आली होती. वहीतली सरासरी चौदाच्या आसपास होती.

"खोली गेली तं पुस्तकं कुटं ठेवू?" बाईंनी मला विचारले. "होडीत?"

त्यांच्या घरी होडी होती. पण उत्तर अपेक्षित नव्हते.

खेळ मुलांना योग्य आहे का, हे ठरवायला तीन जणांची समिती नेमली गेली. एक सोसायटीचे अध्यक्ष. दुसरे एका कारखान्यातले सेफ्टी ऑफिसर, ज्यांना वसाहतीत सगळे सेफ्टीसाहेब म्हणत. तिसरा मी, कारण मी पालघरला एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात बरीच वर्षे काढली होती आणि ज्याला लिहिता येते त्याला स्वतःचे मत नसते, असा सर्वसाधारण समज आहे. अहवाल मी लिहायचा होता. चौकशी पूर्ण होईपर्यंत खेळाचा डबा कपाटात, असे अध्यक्षांनी सांगितले. पहिल्या दिवशी वहीत चार सह्या होत्या.

तिसऱ्या दिवशी समितीसमोर प्रात्यक्षिक झाले. खेळून दाखवायला तिसऱ्या इमारतीतली नऊ वर्षांची एक मुलगी बोलावली होती, कारण तिचा हात सर्वांत बसलेला आहे, असे बाकीच्या मुलांनी खिडकीच्या गजांमधून एकमताने सांगितले. ती पुढे बसली. मागे तीन खुर्च्यांवर समिती. मी तीन प्रश्न लिहून नेले होते: हिंसा किती, भाषा कशी, भीती वाटते का. ते विचारायची वेळ आली नाही.

मुंगूस कारखान्याच्या फाटकावरून उडी मारून आत गेले, तसे सेफ्टीसाहेबांनी वही उघडली.

"थांबव. हा आत कसा गेला?"

"उडी मारून," मुलगी म्हणाली.

"गेटवर नोंद नाही. वर्क परमिट नाही. हेल्मेट नाही. चालू दे."

मुंगूस पळाले. "प्लांटमध्ये पळायचं नसतं," साहेब म्हणाले आणि लिहिले. ते नळीवर चढले. "उंचीवर काम, सेफ्टी बेल्ट नाही," हेही लिहिले. हिरवा धूर पडद्याच्या डाव्या बाजूने सुटला आणि मुंगूस जीव खाऊन उजवीकडे धावू लागले, तेव्हा साहेब खुर्चीतून उठलेच.

"हे बघा. धूर कुठून येतोय? डावीकडून. हा कुठं पळतोय? उजवीकडं. म्हणजे धुराबरोबर. गॅस सुटला तर कसं पळायचं?"

"वाऱ्याला आडवं!" खिडकीतून सात-आठ आवाज एकदम आले. इथल्या मुलांना हे पाढ्यांच्या आधी येते.

"बघा. पोरांना कळतं. या जनावराला कळत नाही."

"शिरगावात शेंबडं पोर पन वारा कुटनं हाय ते सांगंल," बाई दारातून म्हणाल्या. "पन सायेब, त्याला आडवं पळता येत नाय. टीव्ही चपटा हाय."

साहेबांनी हेही लिहून घेतले.

अध्यक्षांचा आक्षेप वेगळा होता. मुंगूस कावळ्याच्या डोक्यात नारळ मारत होते. "पितृपंधरवडा चालू आहे," ते म्हणाले. "वर गच्चीत आम्ही घास ठेवून हात जोडून उभे, आणि खाली आमचीच मुलं त्याला नारळ मारणार?"

"शेवटी तो माफी मागतो, आजोबा," मुलगी म्हणाली.

"मागतो ना? मग ठीक आहे."

"पण तेहतिसाव्या लेव्हलला."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मारायचा."

अध्यक्षांनी मान हलवली. पंधरवडा सभेच्या आतच संपत असल्याने हा आक्षेप आपोआप मिटेल, असे मी टिपणात लिहिले.

सव्वा तास चर्चा झाली. खेळ खेळायला कसा आहे, हे कोणी विचारले नाही. मीही नाही. शेवटी समितीचे एकमत असे झाले की खेळाला मूलतः हरकत नाही, मात्र मुंगसाने हेल्मेट घातलेच पाहिजे. मुले जे बघतात ते करतात, आणि टाकीखालचा व्हॉल्व्ह ज्याने कोणी बंद केला त्याच्या डोक्यावरही हेल्मेट नव्हते, हा साहेबांचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता.

"हेल्मेट आहे," मुलगी म्हणाली. "पिवळं. कपड्यांच्या पेटीत मिळतं."

सगळ्यांना बरे वाटले.

"पेटी बाराव्या लेव्हलला आहे."

म्हणजे हेल्मेट मिळवायला अकरा लेव्हल हेल्मेटशिवाय खेळायला हव्या होत्या. आणि हेल्मेटशिवाय खेळायला समितीने पाच मिनिटांपूर्वी मनाई केली होती. मुलगी स्वतः आठव्याच्या पुढे कधी गेली नव्हती; पुढचे सगळे तिने खेळासोबतच्या माहितीपुस्तिकेत वाचले होते. अर्ध्या तासात नंबर संपायचा, मग डबा बंद, आणि पुढच्या दिवशी परत पहिल्यापासून.

शेवटी सेफ्टीसाहेबांनी निर्णय घेतला. धोक्याच्या कामावर आधी प्रशिक्षित माणूस जातो. अकरा लेव्हल ते स्वतः पार करतील, हेल्मेट ताब्यात घेतील, आणि मग मुलांना परवानगी मिळेल. तोपर्यंत मुलांनी रिमोटला हात लावायचा नाही. त्यांनी आयुष्यात कधी असा रिमोट हातात धरला नव्हता, पण हे त्यांना तेव्हा अडचणीचे वाटले नाही.

दुसऱ्या दिवसापासून साहेब जनरल शिफ्ट सुटली की थेट वाचनालयात येऊ लागले. पायात कारखान्याचे बूट, खिशाला ओळखपत्र. स्वतःचे हेल्मेट ते शेजारी स्टुलावर ठेवत. डबा बंद केला की खेळ परत पहिल्यापासून सुरू होई, म्हणून तो रात्रीही चालू ठेवण्याची त्यांनी समितीकडून लेखी सूट घेतली, म्हणजे मी ती लिहिली.

पहिल्या संध्याकाळी मुंगूस एकोणीस वेळा मेले. मी मोजले, कारण अहवालात लागेल असे वाटले. साहेब त्याला पळवत नसत, चालवत. धूर सुटला की ते त्याला जागीच उभे करून वाऱ्याची दिशा बघत, आणि दिशा कळेपर्यंत पडद्यावरचे, मुंगसाचा जीव दाखवणारे तिन्ही बदाम संपलेले असत. दर मरणानंतर ते वहीत कारण लिहीत. अपघाताला कारण असतेच, असे त्यांचे म्हणणे होते.

खिडकीला मुले लटकली होती. बाईंनी दार उघडले.

"आत बसा सगळी. आन् आदी सही."

"आम्हाला तर खेळायचं नाहीये ना?"

"बगायचं हाय ना? सही कर."

त्या दिवशी वहीत बावीस सह्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सव्वीस. पुस्तक बदलण्याचा नियम बाईंनी तसाच ठेवला होता, त्यामुळे हातात पुस्तक घेऊन मुले साहेबांचे मरण बघत बसत. मधूनमधून, लेव्हल परत सुरू होईपर्यंत, काही जण पुस्तक उघडतही. फाटकावरचा उत्तर प्रदेशचा वॉचमन साडेसहाच्या फेरीत खिडकीत डोकावून रोज एकच प्रश्न विचारी.

"साहब, आज कितनी बार?"

"बारह."

"सुधार है, साहब."

चौथ्या लेव्हलला दोन नळ्यांमध्ये एक खड्डा होता. साहेब त्यात चार दिवस पडत होते. चौथ्या दिवशी ती मुलगी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, तुमचं नाही चुकत. उडी उशिरा लागते. बटण दाबलं की लगेच नाही लागत. काठ यायच्या आधीच दाबायचं आणि मनात 'एक' म्हणायचं."

"म्हणजे खेळातच दोष आहे?"

"हो. पहिल्यापासून आहे. आणि पाण्याच्या लेव्हल सगळ्या सारख्याच आहेत, तीन वेळा तेच. आणि कावळा एकच वाक्य बोलतो. पण व्हॉल्व्ह फिरवायला मजा येते. तो आवाज मस्त आहे."

सबंध चौकशीत खेळाविषयी कोणी काही सांगितले असेल तर ते एवढेच. मी ते शब्दशः लिहून घेतले. साहेबांनी मनात एक म्हणून बटण दाबले आणि मुंगूस खड्ड्यापलीकडे गेले. खोलीतला आवाज ऐकून अध्यक्ष कार्यालयातून काय झाले ते बघायला आले. हजेरीच्या वहीवरचा आकडा बघून परत गेले.

पुढच्या लेव्हल साहेबांनी वेगाने ओलांडल्या. आता ते धुराबरोबर बिनदिक्कत पळत होते. त्याबद्दल कोणी विचारले, तर ते म्हणत की चपट्या जागेत दुसरा मार्ग नाही, आणि हे परवानगीच्या कागदावर नमूद आहे. ते नमूद मीच केले होते.

पण जमेना ते सरासरीचे. आधीची तूट आणि खेळ कपाटात होता त्या दिवसांच्या चार-चार, पाच-पाच सह्या बाईंना पुरत्या भरून काढता येत नव्हत्या. त्यांनी शुक्रवारी माझ्यासमोर तीनदा बेरीज केली आणि पेन्सिल कानावर खोचली.

"चौदाच्या वर हाय. पन पंधरा नाय." मग त्यांनी कपाटातली पुस्तके एकावर एक रचून सुतळीने बांधायला घेतली. मी सुतळी कापायला त्यांना कात्री दिली.

शनिवारी, सभेच्या आदल्या संध्याकाळी, साहेब बाराव्या लेव्हलला पोचले. खोलीत बसायला जागा उरली नव्हती. पुस्तकांच्या बांधलेल्या गठ्ठ्यांवरही मुले बसली होती. पेटी उघडली. पिवळे हेल्मेट गरगर फिरत बाहेर आले आणि मुंगसाच्या डोक्यावर बसले. टाळ्या थांबेनात. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसले, रिमोट मुलीच्या हातात दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा. अट पूर्ण."

मुलगी टीव्हीजवळ गेली. तिने एकदा मुंगसाकडे बघितले, एकदा स्टुलावरच्या साहेबांच्या हेल्मेटकडे.

"काका, पट्टी नाहीये."

"कसली?"

"हनुवटीखालची. तुमच्याला आहे. याला नाही. तुम्हीच म्हणाला होतात, पट्टी लावली नाही तर ते हेल्मेट नाही, टोपी."

साहेब चष्मा लावून पडद्यापाशी वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग सरळ झाले.

"बरोबर आहे. ही टोपी आहे." त्यांनी रिमोट परत घेतला. "लिहा. अट अपूर्ण."

कोणी कुरकुरले नाही. एका मुलाने फक्त विचारले, "म्हणजे सोमवारी काका परत खेळणार?"

रविवारच्या सभेत अध्यक्षांनी वहीतली सरासरी वाचून दाखवली. ठराव सगळ्यांना आठवत होता. आता खोलीची किल्ली बाईंकडून घ्यायची, एवढेच उरले होते. बाई मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात सेफ्टीसाहेब उभे राहिले. आवाज कारखान्यातल्या सूचना देताना असतो तसा.

"व्हॉल्व्हची घटना घडली आहे. तिची चौकशी चालू आहे. खोली, टीव्ही, कपाट, सगळं चौकशीचा भाग आहे. अहवाल येईपर्यंत घटनास्थळ हलवायचं नसतं."

सभागृहात बसलेल्या पन्नासेक माणसांपैकी निदान चाळीस जणांनी हा नियम कामावर पाठ केलेला होता. माना डोलल्या. ज्या दोन इमारतींचे पाणी गेले होते तिथल्या लोकांनी तर आग्रहच धरला. अहवाल सादर होईपर्यंत खोली जशी आहे तशी ठेवावी, असा ठराव एकमताने झाला. मंडपाचे सामान जिन्याखालीच राहिले. अध्यक्षांनी गुडघ्यावर हात फिरवला आणि अहवाल कधी येणार, असे मला विचारले. लवकरच, असे मी म्हणालो.

सभा सुटल्यावर बाई फाटकापाशी थांबल्या होत्या.

"भाऊ, तुमी लय वरसं पेपरात होता ना? तिथं लगेच लिवायला लागत असंल."

"हो. मजकूर वेळेवर द्यावा लागतो."

"इथं घाई नाय," त्या म्हणाल्या आणि पालघरच्या रिक्षाकडे गेल्या.

साहेब आता सतराव्या लेव्हलला आहेत. पट्टीचे हेल्मेट पुढे कुठे मिळते का, याचा शोध चालू आहे. मुलांना रिमोटला हात लावायला अजून परवानगी नाही. रोजच्या सह्या वीसच्या खाली जात नाहीत. पुस्तकांच्या गठ्ठ्यांची सुतळी बाईंनी सोडली आणि गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली आहे. माझा अहवाल पहिल्या पानावर आहे. कालच मी त्यातले एक वाक्य खोडले.