हौशाचं आवतन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही... आणि माणसांवरही फारसा नाही! अकोल्याच्या कोर्टात आयुष्यभर कारकुनी केली. दोन्ही बाजू खोटं बोलतात हे धरूनच चालायची सवय. तेव्हा माझंही तुम्ही पारखूनच घ्या.

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही जठारपेठेत राहायचो. बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला म्हणून त्यांना तेल्हाऱ्याहून, शेतावरून, माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं — हा रोग पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या. अशक्तपणा येईल, अंगातून वाफा निघतील, छाती सुजेल. झालंही तसंच. कापसाचं गाठोडं एकट्याने उचलणाऱ्या माणसाचा हात पाण्याचा गडवा धरताना कापू लागला. घामाने सदरा ओलाचिंब व्हायचा, पण छाती दिसेल म्हणून ते तो काढायचे नाहीत.

गोळ्या द्यायची माझी बायको सुमन. म्हणून सगळा संशय तिच्यावर.

"गोळीनं कुठं माणसाले बाईसारखी छाती येते? तुही बायको माह्या जेवणात काही कालवून राहिली," बाबा मला म्हणाले. त्या दिवसापासून तिच्या हातचं जेवण बंद, गोळीही बंद. मी बाजारातून आणलेली केळी आणि फुटाणे, एवढंच पोटात जायचं. सुमन चुलीपुढे रडायची. मला भीती वाटायची... रोगाआधी हा माणूस उपासानेच जाणार.

पोळ्याचा आदला दिवस आला. या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात — 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' तेल्हाऱ्याच्या गोठ्यात राहिलेला बाबांचा लाडका बैल हौशा दुसऱ्या कोणाला खांद्याला हात लावू द्यायचा नाही. तिथली शेती पाहणारे माझे थोरले भाऊ एकदा त्याच्या शिंगांतून थोडक्यात वाचले होते. बाबा सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडून होते.

दुपारी सुमनने मला हाक मारली. बाबा खाटेवर उठून बसलेले, दोन्ही पंजे हळद-तुपाने माखलेले... आणि खोलीत गोठ्याचा वास.

"सूनबाई, हौशाले आवतन देऊन आलो," ते शांतपणे म्हणाले. "आता मलेबी वाढ."

तिने त्यांचे हात धुतले, त्यांनी धुऊ दिले. वरण-भात जेवले, गोळीही घेतली.

मी मात्र सरळ स्वयंपाकघरात गेलो. म्हातारा जेवावा म्हणून हिनेच काही केलं असेल, दुसरं काय? हळदीचा डबा उघडला, मग तुपाचा. थिजलेल्या तुपाचा थर अखंड होता, बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

पोळा झाल्यावर थोरले भाऊ तेल्हाऱ्याहून आले ते रागातच. "काहून रे, हौशाचा खांदा कोनं चोळला?" ते गोठ्यात जायच्या आधीच काम झालेलं होतं. त्यांनी गड्याला धारेवर धरलं, तर त्यानं पोरांची शपथ घेतली.

तेल्हारा म्हणजे एस.टी.ने अर्धा दिवस मोडायचा, आणि बाबांना तर मोरीपर्यंतही धरून न्यावं लागायचं. पुढे ते गेले, पण शेवटपर्यंत सुमनच्याच हातचं जेवले. ती हळद कुठून आली, याचा छडा मला आजवर लागलेला नाही.

विषय निघाला की सुमन, सासऱ्यांना मामाजी म्हणणारी, एवढंच म्हणते, "मामाजीनं माह्यावरचा संशय सोडला, अन् त्याच दिवशी तुमी माहा डबा उघडून पाहिला."