तारखेची बाजू आत

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवत होते. पस्तीस वर्षं. बोलणं इतकं कमी की लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा माझ्या वडलांना वाटलं, मुलगा मुका आहे आणि ही मंडळी लपवतायत. पण बसला हात लावण्याआधी हा माणूस तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचा. लाकडी दांडक्यानं प्रत्येक टायरवर एक टोला द्यायचा आणि कान देऊन ऐकायचा. दाढीचा गोल आरसा एका काठीला बांधलेला, तो चाकांच्या मागे घालून आतली बाजू बघायचा. प्रवासी वैतागून हाका मारायचे, कंडक्टर शिट्या मारायचा, पण ह्यांचं आपलं शांतपणे चालू.

मी त्यांची टर उडवायचो. "भावोजी, डॉक्टर व्हायचं होतं तर आधी सांगायचं!" ते हसायचे, बस्स.

माझं टायरचं दुकान आहे. चाळीस वर्षं ह्या धंद्यात काढली आणि मला माझा फार गर्व होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी जन्माला आला ते त्यावरून कळतं. हे आकडे न बघता टायर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला मी भर दुकानात झापायचो. आणि मोटरहोमवाला, म्हणजे गाडीतच घर थाटून हिंडणारा, आला की माझं व्याख्यानच सुरू. "अहो, ही गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. नक्षी झिजायच्या आधी रबर मरतं. नक्षी बघून भुलू नका, तारीख बघा! आणि पाण्याची टाकी, सिलिंडर, भांडीकुंडी सगळं भरून आधी काट्यावर वजन करून आणा, मग मी टायर सांगतो." लोक वह्या काढून लिहून घ्यायचे. मी अजूनच फुगायचो.

मोटरहोमचं वेड ताईचं. तिनं पस्तीस वर्षं नवऱ्याला खिडकीतून टाटा केला. तो जग हिंडून यायचा, ही त्याचे डबे घासायची. एक दिवस म्हणाली, "आता ह्यांना निवृत्त होऊ दे, मग चाकांवरचं घर घ्यायचं आणि ह्यांच्या शेजारी बसायचं. बाकी मला काही नको." आमची आई लवकर गेली, ताईनंच मला वाढवलं. तिनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला भरून आलं. त्याच महिन्यात माझ्याकडे एका उत्तम बनावटीचे, अशा गाड्यांना बसणाऱ्या मापाचे सहा टायर आले होते, पुढचे दोन आणि मागच्या जोडचाकांचे चार. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे ताईचे. कुणी हात लावायचा नाही." काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून सर्वांत वरच्या फळीवर ठेवले.

मग काय झालं, तर भावोजींची निवृत्ती दोन वर्षं लांबली. पुढे भाचीचं आजारपण, त्यानंतर ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दरम्यान दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी वर बोट दाखवून सांगायचो, "ते माझ्या बहिणीचे." ताई तिच्या शेजारणींना सांगायची, "माझ्या भावानं माझ्यासाठी टायर जपून ठेवलेत." सात वर्षं गेली. इतरांच्या टायरचे आठवडे मोजणारा मी, घरचे मोजायला विसरलो.

अखेर गाडी आली. जुनी, पण ठणठणीत. ताईनं आत पडदे लावले, शिवणयंत्र चढवलं, "ते कशाला?" म्हटलं तर म्हणाली, "घर म्हणजे शिवणयंत्र आलंच." भरल्या गाडीचं वजन करून आणलं, टायरना झेपणारं होतं. मी मोठ्या थाटात फळीवरून टायर उतरवले, प्लास्टिक काढलं. काळेभोर, चकचकीत. ताईनं एकावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरले.

त्याच टायरवरची धूळ मी अंगठ्यानं पुसली आणि आकडे दिसले.

सात वर्षांपूर्वीचे. टायर वाकवून पाहिला. नक्षीच्या बुडाशी केसाएवढ्या बारीक चिरा होत्या. महिन्याभरापूर्वी असाच माल घेऊन आलेल्या एका गृहस्थाला मी हाकलून दिलं होतं. "हे लावून बायकोला बसवणार? लाज नाही वाटत?" हे माझेच शब्द. नवे मागवायला दोन दिवस लागले असते. फक्त दोन दिवस! तेवढं तोंड उघडून सांगायचं होतं, ताई, चुकलं माझं. पण ताई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "बघ, भाऊ असावा तर असा." दुकानातले सगळे कौतुकानं बघत होते.

तारीख टायरच्या एकाच बाजूला असते. मी हळूच फिटरला म्हणालो, "नंबर आतल्या बाजूला घे."

वीस वर्षं माझ्याकडे काम केलेला माणूस तो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मालक, आत?"

"सांगितलं ना एकदा!" मी ओरडलो.

त्यानं मान खाली घालून सहाही टायर तसे चढवले. भावोजी कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होते. आरशाची काठी त्यांच्या पायाशी होती. निघताना त्यांनी ती उचलली आणि आरसा न वापरता गाडीत ठेवली. मला हायसं वाटलं. किती नीच माणूस असेन मी, की मला त्या वेळी हायसं वाटलं!

पुढचे दोन दिवस रस्त्यावर कुठे फट्ट झालं की मी दारापर्यंत धावायचो. ताईचा फोन यायचा, "गाडी लोण्यासारखी चालतेय रे!" बायकोनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "इथे काय बसलायत? जा आधी." नवे सहा टायर मी आधीच मागवले होते. ते आल्या आल्या टेंपोत टाकले, फिटरला बरोबर घेतलं आणि ताई थांबली होती ते तळ्याकाठचं मैदान गाठलं.

आणखी चार-पाच मोटरहोम तिथे उभ्या होत्या. ताई शेजारच्या गाडीतल्या बाईला आपल्या गाडीचं चाक दाखवत होती. "सात वर्षं जपलेत बरं का भावानं! आणि हा बघा, आलाच!" मी चाकाकडे पाहिलं. बनावट वेगळीच. आकडे बाहेरच्या बाजूला, ह्याच वर्षाचे. ते टायर माझे नव्हतेच.

भावोजी नळावर बादली भरत होते. त्यांनी माझ्याकडे बघून बारीकशी मान हलवली. गप्प राहा, असं. मग मला बाजूला घेतलं.

"तुमच्या दारात तुमचं काम तपासणं बरं दिसलं नसतं," ते म्हणाले. "म्हणून गावाबाहेर थांबून आरसा घातला. पुढे एक दुकान होतं, तिथपर्यंत गाडी अगदी सावकाश नेली. तिला म्हटलं, चाकांचं थोडं काम आहे, तू आत बसून मासिक वाच."

"आणि ते... माझे?"

"भोकं पाडून टाकून दिले. दुसऱ्या कुणी लावायला नकोत."

इतकं बोलणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "भावाचं फार आहे तिला. टायर काय, बदलता येतात."

मी मूग गिळून बसू शकलो असतो. त्यांनी सगळं निस्तरून ठेवलं होतं, मला नुसतं हसायचं होतं. पण ताईनं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "दमलास ना रे?" मला सहन होईना. मी तिथेच पायरीवर बसून सगळं सांगून टाकलं. तारीख, चिरा, आतली बाजू, सगळं.

तिनं विचारलं, "विसरलास, ते समजलं. पण आकडे पाहिल्यावर फिरवून लावलेस?"

"हो."

"मी ह्यात बसणार, ह्यांच्या शेजारी, हे माहीत होतं?"

"हो, ताई."

ती रागावली नाही. रडलीही नाही. भावोजींकडे एकदा पाहिलं, उठली आणि आत जाऊन आम्हां चौघांची पानं घेतली. फिटरला आग्रह करून वाढलं. मलाही वाढलं. मी खाली मान घालून जेवलो.

जेवणं होतायत तोवर ती शेजारची बाई नवऱ्याला घेऊन आली. त्यांनाही टायर बदलायचे होते. "अहो, ते भावानं जपलेले टायर ह्यांना दाखवा ना," ती म्हणाली.

ताईनं हात पुसले. "टायर ह्यांनी आणलेत," ती भावोजींकडे बोट करून म्हणाली. "हा माझा भाऊ. सहज भेटायला आलाय."

त्या गृहस्थांनी मला नमस्कार केला आणि विचारलं, "आपण काय करता?"

फिटर माझ्याकडे बघत होता. बाहेर टेंपोत सहा नवे टायर तसेच पडून होते. मी उठून ताटं गोळा करायला लागलो.