विटांच्या हौदातली सीताफळं

मंडळी, सहा दिवसांपूर्वी तोडलेली सीताफळं आज भोकरच्या बाजारात नेली, आणि त्यातली बहुतेक अजून घट्ट होती! एरवी ती तिसऱ्या दिवशीच मऊ पडतात. फ्रीजमध्ये ठेवली तर साल काळी होते.

यंदा पाऊस नाही. डोंगरातली वानरं बागेत उतरायला लागली, म्हणून बाजाराच्या आधीच फळं तोडावी लागली. शेतीच्या प्रशिक्षणात शिकले होते तसा मी फळं ठेवायला विटांचा हौद रचला. भिंत दुहेरी, मधल्या फटीत वाळू. वाळू ओली ठेवली की आत गारवा राहतो.

दुसऱ्याच दिवशी माझ्या सासूबाईंनी (मी त्यांना आत्याबाई म्हणते) माझ्या हातातली बादली धरली. "माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् तू विटांला पाजून राहिलीस?"

टँकर तीन दिवसांतून एकदाच येतो. मी पाणी परत रांजणात ओतलं. फळं गेलीच, असं धरून चालले.

संध्याकाळी बघते तर आत्याबाई स्वतःच तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी वाळूवर सोडत होत्या. "हे तर फेकायचंच हाय. फळाला लागू देऊ नको म्हंजे झालं." पुढं रोज शेजारच्या दोन घरांतूनही त्यांनी असं पाणी मागून आणलं.

आज एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कालची तोड का?"

मी बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई, सहा दिवसांची हाय. दाबून बघा!"

वाळू ओली कशी ठेवायची हे मला प्रशिक्षणात कळलं होतं. दुष्काळात पाणी कुठून आणायचं, हे आत्याबाईंनी दाखवलं. तुमच्या घरी असं कोणतं पाणी रोज वाया जातं?